कोठीच्या कॉलेजात शिकलेल्या आपल्या आज्या

नांदेड-लातूरकरांनो, 1956 पर्यंत आपण हैदराबाद राज्यात होतो. मराठवाडा विद्यापीठ आलं 1958 साली. त्याआधी आपल्याकडचं विद्यापीठ म्हणजे उस्मानिया, आणि 1948 पर्यंत तिथे शिक्षणाचं माध्यम होतं उर्दू! घरात मराठी बोलणाऱ्या मुलीने उर्दूतून पदवी घेणं किती अवघड असेल, विचार करा.

उस्मानियाचं महिला महाविद्यालय 1924 मध्ये सुरू झालं. 1949 मध्ये ते हैदराबादच्या कोठी भागातल्या ब्रिटिश रेसिडेन्सीत आलं. 1800 नंतरच्या पहिल्या दशकात रेसिडेंट कर्कपॅट्रिकने बांधवून घेतलेली, उंच खांबांची ही देखणी वास्तू. कोठीत आहे, म्हणून लोकांच्या तोंडी ‘कोठी विमेन्स कॉलेज’! अलीकडे वास्तूचं जतन झालं. 2022 मध्ये कॉलेजचं महिला विद्यापीठ झालं. आज त्याला तेलंगणा सशस्त्र लढ्यातल्या चाकली ऐलम्मांचं नाव आहे.

इमारत वाचली याचा मला मनापासून आनंद आहे. पण कॉलेजचा खरा वारसा तिथे शिकलेल्या बायकांकडेच आहे. वसतिगृहातले दिवस, घरचा विरोध किंवा पाठिंबा, हे त्यांच्याशिवाय कोण सांगणार?

तुमची आई, आजी किंवा मावशी तिथे शिकली असेल, तर तिच्या आठवणी आजच मोबाइलवर रेकॉर्ड करा. जुन्या फोटोंमागे नावं आणि सालं लिहून ठेवा.