एआय रिपोर्ट वाचणार, मग डॉक्टर आणि आशाताईंना धास्ती कशाची?

अहिल्यानगर हा क्षेत्रफळाने राज्यातला सर्वांत मोठा जिल्हा. 14 तालुके, 17 हजार चौरस किलोमीटरहून जास्त पसारा. लोणीला वैद्यकीय महाविद्यालयाचं मोठं रुग्णालय आहे, पण अकोले तालुक्यातल्या डोंगरातल्या वाड्यांसाठी ते लांबच. अशा भागात छातीचा एक्स-रे निघाला, तरी तो वाचणारा तज्ज्ञ लगेच भेटेलच असं नाही. एआयचा सर्वाधिक फायदा इथेच व्हायला हवा. मग आरोग्य कर्मचारी साशंक का असतात?

एआय नेमकं काय करतं?

टीबीचं उदाहरण घेऊ. 15 वर्षांवरील व्यक्तींच्या टीबी तपासणीत एक्स-रे वाचण्यासाठी तज्ज्ञाऐवजी सॉफ्टवेअर वापरता येईल, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्ये केली. भारतात डिसेंबर 2024 मध्ये सुरू झालेल्या 100 दिवसांच्या टीबी मोहिमेत हातात धरता येणारी एक्स-रे यंत्रं आणि एआय वापरलं गेलं.

पण हे निदान नव्हे, ही गाळणी आहे. सॉफ्टवेअर संशयित एक्स-रे वेगळे काढतं. टीबी आहे की नाही, हे पुढे थुंकीच्या तपासणीतून ठरतं.

धास्तीची तीन कारणं

1. चूक झाली तर कोण जबाबदार? ‘आयसीएमआर’ने 2023 मध्ये आरोग्यातल्या एआयसाठी नैतिक मार्गदर्शक तत्त्वं आणली. निर्णयावर माणसाची देखरेख हवी, असं ती सांगतात. पण ती तत्त्वं आहेत, कायदा नाही. नातेवाईक जाब विचारतात तो समोरच्या डॉक्टरला, सॉफ्टवेअरला नाही.

2. हात आणि नजर विसरेल का? पोलंडमधल्या एका अभ्यासात अनुभवी डॉक्टरांना आतड्याच्या दुर्बीण तपासणीसाठी एआय दिलं गेलं. त्यानंतर एआयविना केलेल्या तपासण्यांमध्ये, पुढे कर्करोग होऊ शकेल अशा गाठी सापडण्याचं प्रमाण 28.4 टक्क्यांवरून 22.4 टक्क्यांवर आलं. हे निष्कर्ष 2025 मध्ये प्रसिद्ध झाले. एका अभ्यासावरून सगळं ठरत नाही, पण भीती अगदीच निराधार नाही.

3. काम कमी होणार की वाढणार? आशाताईंकडे आधीच रजिस्टर आहे, ॲप आहे, सर्वेक्षण आहे. नवं एआय ॲप आलं आणि जुनी रजिस्टर तशीच राहिली, तर त्यांच्यासाठी ती मदत नाही, आणखी एक नोंद आहे.

जामखेडचा धडा

‘हे काम डॉक्टरशिवाय कसं होईल?’ हा प्रश्न या जिल्ह्याला नवा नाही. 1970 मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी जामखेडला ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. गावातल्या महिलांना, त्यात शाळेची पायरीही न चढलेल्या अनेकींना, त्यांनी गरोदर माता आणि बाळांची काळजी घ्यायला शिकवलं. आशा योजना आली 2005 मध्ये, म्हणजे त्यानंतर 35 वर्षांनी.

तो प्रयोग टिकला, कारण त्या महिलांचं प्रशिक्षण सतत चालू होतं, अडलं तर विचारायला माणूस होता आणि पाठीशी रुग्णालय होतं. एआयलाही हीच कसोटी लागू होते. मशीनने ‘संशयित’ म्हटलेल्या रुग्णाला पुढची तपासणी आणि औषध मिळालं नाही, तर अचूक सॉफ्टवेअरचाही उपयोग शून्य.

थोडक्यात: आरोग्य कर्मचाऱ्यांचा प्रश्न ‘एआय हवं की नको’ एवढाच नाही. ‘जबाबदारी कोणाची आणि प्रशिक्षण कोण देणार’, हा आहे. रुग्ण म्हणून तुम्हीही एक प्रश्न विचारू शकता: मशीननंतर हा रिपोर्ट कोणी पाहिला?