अक्षर आहे, उच्चार नाही

मंडळी, जुन्या इंग्रजी पुस्तकात एखादे वेळी एक शब्द भेटतो : व्ही, आय, सी, टी, यू, ए, एल, एस. मुलगा तो सरळ 'व्हिक्चुअल्स' असा वाचतो. खरा उच्चार मात्र 'व्हिटल्स'! अर्थ अन्नधान्य, शिधा. इंग्रजांच्या आरमाराला शिधा पुरवण्यासाठी १६८३ साली जे मंडळ नेमले गेले, त्याच्या नावात याच शब्दाचे रूप होते.

मग मधला 'सी' कशाला? ऐका तर. हा शब्द जुन्या फ्रेंच भाषेतून इंग्रजीत आला, तेव्हा त्यात 'सी' नव्हताच. पुढे पंडितांनी लॅटिन मुळाकडे पाहून तो लिहिण्यात घातला. लोकांची जीभ मात्र जुन्याच वळणाने बोलत राहिली. कर्जाला इंग्रजीत 'डेट' म्हणतात, त्यातला मुका 'बी'देखील असाच आलेला, बरं का!

तेव्हा गुरुजी, वर्गात कुणी 'व्हिक्चुअल्स' म्हटले, तर इतर मुलांना त्याच्यावर हसू देऊ नका. त्याने समोरची अक्षरे नीटच वाचली आहेत. त्याला ही हकिकत सांगा. मग खरा उच्चार त्याच्या कायम ध्यानात राहील.