नात्याला तारीख लागते का?

‘तुझा येशूशी वैयक्तिक संबंध आहे का?’ असं विचारणाऱ्याला बहुतेक वेळा एक तारीख ऐकायची असते. अमुक दिवशी पापं कबूल केली, प्रभूला स्वीकारलं, आयुष्य पालटलं, अशी साक्ष देता आली तर माणूस खरा ख्रिस्ती. रोज संध्याकाळी रोझरी म्हणणारी, रविवारची मिस्सा न चुकवणारी वसईची आजी मात्र नावापुरती, कर्मकांडात अडकलेली! हे इतक्यांदा कानावर येतं की ख्रिस्ती नसलेले लोकही तसंच धरून चालतात. ते साफ चूक आहे आणि त्या आजीवर अन्याय करणारं आहे.

पुरावा म्हणून हमखास पंडिता रमाबाईंना पुढे केलं जातं. 1883 मध्ये इंग्लंडात वाँटेजला त्यांचा बाप्तिस्मा झाला. 1907 साली छापलेल्या साक्षीत त्या सांगतात, की आपल्याला धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता, हे आठ वर्षांनी कळलं. बस, एवढंच उचलायचं आणि सगळ्यांचा निकाल लावायचा. पण रमाबाईंनी पुढे काय केलं? हिब्रू आणि ग्रीक मुळावरून अख्खं बायबल सोप्या मराठीत आणायला घेतलं. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये मुली खिळे जुळवायच्या, तिथेच छपाई व्हायची. 1922 मध्ये रमाबाई गेल्या, ग्रंथ 1924 मध्ये बाहेर पडला. एकेका ओळीशी वर्षानुवर्षं घातलेली ही झोंबी त्यांच्या देवाशी असलेल्या नात्यात धरायची नाही का?

टिळकांच्या घरात तर दोन तऱ्हा दिसतात. कवी नारायण वामन टिळकांनी 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. पण आपण तुकोबांच्या वाटेनं ख्रिस्तापाशी आलो असं ते स्वतःच सांगत, आणि अभंग-कीर्तन त्यांनी शेवटपर्यंत सोडलं नाही. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा बाप्तिस्मा 1900 सालचा. आधी विरोध, मग सोवळं सुटणं, जातिभेद देवानं केलेला नाही हे पटणं, आणि मग श्रद्धा. त्यांचं आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ वाचा, हा बदल टप्प्याटप्प्यानं होताना दिसतो.

मग तारखेचा एवढा आग्रह आला कुठून? मेथडिस्ट चळवळीचा प्रवर्तक जॉन वेस्ली 24 मे 1738 ही आपल्या अंतःकरणाला ऊब मिळाल्याची तारीख सांगतो. त्याआधी दहा वर्षं तो दीक्षित धर्मगुरू होताच. अठराव्या शतकात इंग्लंड-अमेरिकेतल्या जागृतीच्या सभांमधून असे अनुभव सांगण्याची रीत पसरली आणि मिशनऱ्यांबरोबर इकडे आली. रीत चांगली आहे, अनेकांची आयुष्यं तिनं सावरली. पण तीच एक फूटपट्टी कशी?

कॅथलिकांना हे नातं ठाऊकच नाही म्हणणाऱ्यांनी 1992 चं त्यांचं अधिकृत धर्मशिक्षणाचं पुस्तक उघडावं. प्रार्थना म्हणजे जिवंत देवाशी जिवंत, वैयक्तिक नातं, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे. सोळाव्या शतकात जेझुइट संघाचा संस्थापक इग्नेशियस लोयोला सांगून गेला, की मित्र मित्राशी बोलतो तसं प्रभूशी बोला. वसईच्या आजीला प्रभू कम्युनियनमध्ये भेटतो, पापनिवेदनात भेटतो, आणि शेजारच्या बाकावरच्या माणसांसोबत भेटतो. एकट्यानं गाठलं तरच नातं, हा नियम तिच्या परंपरेनं कधी केलेलाच नाही.

बाकीचे गैरसमज थोडक्यात. ‘संतांना मधे घातलं की थेट नातं उरत नाही’: कॅथलिक संतांना आपल्यासाठी प्रार्थना करायला सांगतात, देवाच्या जागी बसवत नाहीत. ‘कॅथलिक बायबल वाचत नाहीत’: कॅथलिक धर्मगुरू फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या ‘सुबोध बायबल’ला साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला आहे. ‘जप हिंदूंचा, ख्रिस्ती नुसतं मागणं मागतात’: ग्रीक आणि रशियन ऑर्थोडॉक्स साधक येशूच्या नावाची एकच छोटी प्रार्थना श्वासाबरोबर शतकानुशतकं जपत आले आहेत. ‘बाप्तिस्म्याशिवाय ख्रिस्ताशी नातं नाही’: टिळकांनी 1917 मध्ये मिशन सोडून ‘देवाचा दरबार’ उभा केला तो बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या, दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांसाठी.

आणि ‘अन्य भाषांत बोलता आलं नाही तर पवित्र आत्मा मिळालाच नाही’ हे सांगणाऱ्यांनी पुन्हा रमाबाईंकडेच जावं. 1905 च्या मुक्ती मिशनमधल्या जागृतीनंतर तिथल्या मुली अशा भाषांत बोलत होत्या. रमाबाईंनी ते देवाचं दान मानलं. मात्र तीच एकमेव आणि आवश्यक खूण आहे याला शास्त्रात आधार नाही, असं त्यांनी स्वच्छ लिहून ठेवलं.