तरण्या पोराच्या छातीत दुखते तेव्हा



मोळ्या भरता भरता पंचवीस वर्षांचा धडधाकट पोरगा छातीला हात लावून खाली बसला, की फडावर दोन मते निघतात. एक म्हणतो, "गॅस झाला असन, सोडा पाज." दुसरा म्हणतो, "अटॅक आला, गाडी काढा." तरुण वयात बहुतेक वेळा पहिल्याचे खरे निघते. पण जेव्हा निघत नाही, तेव्हा सोडा पाजण्यात गेलेला तास परत मिळत नाही. म्हणून हा विषय.

छातीच्या पिंजऱ्यात हृदय एकटे नसते. फुप्फुसे, अन्ननलिका, बरगड्या आणि त्यांमधले स्नायू, यांपैकी कोणीही दुखू शकते. एका बोटाने जागा दाखवता येते, दाबले किंवा हात फिरवला की कळ वाढते, असे दुखणे बहुधा स्नायूचे किंवा बरगडीच्या कुर्चेचे. दोन दिवस जड ओझे टाळले की उतरते. जेवून वाकल्यावर किंवा आडवे झाल्यावर छातीच्या मधोमध जळजळ होते ती आम्लाची. उपाशीपोटी चहा, त्यावर खर्रा (हा तर आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीचा दुसरा नाश्ताच!), मग जळजळ नाही होणार तर काय होणार? कर्जाच्या, परीक्षेच्या काळजीनेही छाती धडधडते, श्वास भरतो, बोटांना मुंग्या येतात. ते सोंग नव्हे, पण तपासल्याशिवाय "मनाचे आहे" असे कोणी म्हणू नये.

हृदयाचे दुखणे वेगळे. छातीवर पोते ठेवल्यासारखा दाब, कळ डाव्या हातात, जबड्यात किंवा पाठीत जाणे, थंड घाम, ओकारी. बायकांमध्ये कधी नुसता दम लागतो आणि मळमळते. ५२ देशांत झालेल्या व २००४ साली प्रसिद्ध झालेल्या 'इंटरहार्ट' अभ्यासात दिसले की, आपल्या दक्षिण आशियातील लोकांना पहिला झटका इतरांपेक्षा सुमारे सहा वर्षे आधी येतो. त्यात बिडी, तंबाखू, साखरेचा आजार किंवा घरात लवकर झटका आल्याचा इतिहास असेल, तर तिशीतल्या माणसानेही निर्धास्त राहू नये. आणखी एक गोष्ट. पहिली हृदयाची पट्टी चांगली आली म्हणून लगेच घरी निघू नये. काही वेळाने पुन्हा पट्टी आणि रक्ताची तपासणी करावी लागते.

आता आपल्या भागाचे. मोठ्या शहरातल्या डॉक्टरच्या पटकन ध्यानात येत नाही, पण आपण विसरता कामा नये असे एक कारण म्हणजे सिकलसेल. गोंड, माडिया, परधान या आदिवासी समाजांत तो आहेच, शिवाय महार, कुणबी, तेली या समाजांतही आढळतो. यात रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक नळ्यांत अडकतात. १९१० साली शिकागोच्या डॉ. हेरिक यांनी या आजाराची पहिली नोंद प्रसिद्ध केली, तो रुग्णही विशीतला विद्यार्थीच होता आणि त्याची तक्रार खोकला व दम लागण्याची होती. सिकलच्या रुग्णाला ताप, छातीत कळ आणि दम एकत्र सुरू झाले, तर फुप्फुसातल्या नळ्या तुंबत असण्याची शक्यता असते. हे गोळ्या घेऊन घरी काढायचे दुखणे नाही. प्राणवायू व रक्त देण्याची सोय असलेले रुग्णालयच गाठावे लागते. उन्हात पाणी न पिता राबणे, थंडी, ताप यांनी हा त्रास उसळतो. तोडीच्या दिवसांत तिन्ही गोष्टी हजर असतात.

वाहक आणि रुग्ण यांत फरक आहे. वाहकाला सहसा काही होत नाही, पण आईबाप दोघेही वाहक असतील तर प्रत्येक अपत्याला हा आजार होण्याचा धोका चारात एक. जुलै २०२३ पासून केंद्राच्या मोहिमेत चाळिशीपर्यंतच्या माणसांची तपासणी होते. पत्रिका जुळवण्याआधी हे जुळवलेले बरे, असे आमचे मत.

घुग्घुसकडच्या घरांत एक भाऊ शेतीवर तर दुसरा कोळसा खाणीत किंवा सिमेंटच्या कामावर असतो. त्याच्या खोकल्याचे सगळे खापर धुळीवर फोडू नका. दोन आठवड्यांवर खोकला, रात्रीचा घाम, वजन उतरणे, श्वास घेताना कुशीत टोचणे, यात क्षयाची तपासणी आधी. उंच, सडपातळ, बिडी ओढणाऱ्या पोराला एकाएकी एका बाजूला कळ येऊन दम लागला, तर फुप्फुस फुटून हवा बाहेर आलेली असू शकते. तेव्हाही थांबू नये. बुरशी लागलेल्या जुन्या बगॅसच्या धुळीने काही तासांत ताप, खोकला आणि छाती आवळल्यासारखे होते, हे १९४१ पासून वैद्यकात नोंदलेले आहे. यार्डात बगॅस हलवताना ती ओली ठेवावी आणि नाकातोंडाला मास्क लावावा.

राहिली फवारणी. नदीपलीकडच्या यवतमाळ जिल्ह्यात २०१७ च्या हंगामात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक माणसे गेली. छाती आवळणे, लाळ, घाम, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीएवढ्या होणे ही तिची खूण. कपडे उतरवा, साबणपाण्याने अंग धुवा, लिंबू-दूध पाजत बसू नका.

यांपैकी कोणतीही धोक्याची खूण दिसली, तर रुग्णाला चालवू नका, मोटारसायकलवर मधे बसवून नेऊ नका. १०८ ला फोन करा. तोवर त्याला टेकून बसवा. डॉक्टरांना दुखणे किती वाजता व काय करताना सुरू झाले ते सांगा. सिकलचे कार्ड असेल तर सोबत घ्या, आणि फवारणी केली असेल तर औषधाचा डबा लेबलासकट न्या.