घरातले इंटरनेट, लेखांक ६ : मधूनच तुटणारी केबल

पूर्ण बंद पडलेल्या जोडणीपेक्षा मधूनच तुटणारी जोडणी दुरुस्त करणे अवघड, कारण केबलवाल्याचा माणूस दारात येईपर्यंत ती हटकून सुरू झालेली असते. दोष चालू असतानाच त्याची जागा हेरून ठेवावी लागते.

आपल्याकडे केबलवाल्याकडून घेतलेली कोणतीही जोडणी ‘केबल’ म्हणवते. पुष्कळदा ती फायबर असते, नाहीतर इमारतीतून फिरवलेली लॅनची तार. या लेखांकात विचार आहे तो टीव्हीच्याच ७५ ओहमच्या कोॲक्स तारेतून, मोडेमद्वारे येणाऱ्या इंटरनेटचा. त्यासाठीचे डॉक्सिस हे मानक अमेरिकेतील केबललॅब्स या संस्थेने १९९७ साली आणले.

आधी वायफायला वगळावे. लॅपटॉप तारेने राउटरला जोडून दोन पिंग सोबत चालू ठेवावेत, एक राउटरच्या पत्त्याला आणि एक बाहेरच्या, उदाहरणार्थ ८.८.८.८ ला. दोन्ही तुटले तर दोष राउटरात किंवा लॅनच्या तारेत. पहिला सुरळीत आणि दुसराच तुटत असेल, तर मोडेम, कोॲक्स किंवा त्यापलीकडचे जाळे संशयित. तारेवर दोन्ही नीट चालले, तर केबलवाल्याला बोलावण्यात अर्थ नाही. गडबड वायफायची आहे.

पुढचा पुरावा मोडेमच्याच पोटात असतो. बहुतेक केबल मोडेम १९२.१६८.१००.१ या पत्त्यावर सिग्नलचे आकडे दाखवतात. येणाऱ्या सिग्नलची पातळी साधारण उणे ७ ते अधिक ७ डीबीएमव्हीच्या आत असलेली बरी. गोंगाटाशी असलेले त्याचे गुणोत्तर ३३ डेसिबलच्या वर हवे. मात्र सर्वांत बोलका आकडा असतो जाणाऱ्या सिग्नलचा. वाटेत सिग्नल झिजू लागला की केंद्रातील यंत्र मोडेमला आवाज वाढवायला सांगते आणि मोडेम मुकाट्याने वाढवत जातो. हा आकडा पन्नाशीच्या आसपास पोचला असेल, तर मोडेम अक्षरशः ओरडून बोलतो आहे असे समजावे. आणखी थोडी झीज झाली की त्याची मर्यादा संपते, नोंदवहीत ‘टी३’ म्हणजे उत्तर न आल्याच्या नोंदी साचतात आणि तो स्वतःच पुन्हा सुरू होतो. अशा वेळी नवा मोडेम आणण्याचा खर्च बहुधा वाया जातो.

झीज होते ती मुख्यतः जोडांत. दोन फाट्यांचा स्प्लिटर प्रत्येक फाट्यावर सुमारे साडेतीन डेसिबल खातो, म्हणजे निम्म्याहून अधिक शक्ती. जुन्या टीव्हीसाठी लावलेले, आज कोणी वापरत नसलेले स्प्लिटर काढले तरी पुष्कळ घरांत प्रश्न मिटतो. टीव्हीचे चित्र सुधारण्यासाठी बसवलेला स्वस्त ॲम्प्लिफायर तर अनेकदा एकमार्गी असतो. तो मोडेमचा परतीचा सिग्नलच अडवतो. जोड बोटांनी घट्ट करून वर ११ मिलिमीटरच्या पान्याने हलकासा पाव फेरा द्यावा. मधली तांब्याची तार काळी पडली असेल, तर टोक कापून नवा कनेक्टर बसवावा.

जोडणी पावसातच रुसत असेल, तर गच्चीवरचा किंवा खिडकीबाहेरचा जोड पाहावा. एकदा आत शिरलेले पाणी तारेच्या जाळीतून पुढे झिरपते आणि पाऊस थांबला तरी लगेच सुकत नाही. असा तुकडा पुसून भागत नाही, बदलावा लागतो.

सैल जोडाचा त्रास एका घरापुरता राहत नाही. परतीचा सिग्नल खालच्या कंपनसंख्येवर, अमेरिकेत सामान्यतः ५ ते ४२ मेगाहर्ट्झमध्ये जातो. तिथे मोटारी, पंखे आणि रेडिओ यांचा गोंगाट सहज घुसतो. नरसाळ्यातून उतरावा तसा साऱ्या घरांचा गोंगाट एकाच ठिकाणी जमतो. परिणामी शेजाऱ्याच्या सैल जोडामुळे निर्दोष घराचीही जोडणी तुटते आणि तिथे घरात कितीही शोधले तरी काही सापडत नाही. हे काम केबलवाल्याचेच. तुटण्याच्या वेळा आणि त्या वेळचे आकडे लिहून ठेवले असतील, तर त्याला निदान कुठून सुरुवात करायची ते कळते.

सिग्नलचे आकडे उत्तम, नोंदवही कोरी आणि तरीही रोज रात्री आठ ते अकरा पिंगचा वेळ वाढत असेल, तर तार निर्दोष आहे. कोॲक्सवरची क्षमता आजूबाजूच्या घरांत वाटलेली असते आणि त्या वेळी सगळे एकदम व्हिडिओ पाहत असतात. त्यावर घरात उपाय नाही. केबलवाल्याने त्या भागातील घरांची विभागणी केली किंवा वाहिन्या वाढवल्या, तरच फरक पडतो.