१ कोटीचा फ्लॅट, ७५ लाखांचं कर्ज. मग खिशात किती हवेत?

बोरिवली असो की मुलुंड, स्टेशनबाहेर पडलं की नव्या टॉवरचं होर्डिंग दिसतंच. वन बीएचके अमुक लाखांपासून पुढे, आणि खाली कुणी वाचू नयेत अशा बारीक अक्षरात अटी. ते बघून बहुतेक घरांत एकच हिशोब होतो, पगारात हप्ता बसतो का? पण गाडी अडते ती बऱ्याचदा हप्ता सुरू होण्याच्या आधीच. बँक जे पैसे देत नाही, त्यांचा आकडा कुणी मांडलेलाच नसतो.

समजा, फ्लॅटची किंमत १ कोटी आहे आणि बांधकाम चालू आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ७५ लाखांपेक्षा मोठं कर्ज घराच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंतच मिळतं. म्हणजे इथे जास्तीत जास्त ७५ लाख. उरलेले २५ लाख तुमचे.

हे २५ लाख सगळ्यांना माहीत असतात. पुढचे नसतात.

मुंबईत स्टॅम्प ड्युटी ६ टक्के, म्हणजे ६ लाख. रजिस्ट्रेशनचे ३० हजार. बांधकाम चालू असलेल्या घरावर ५ टक्के जीएसटी, म्हणजे आणखी ५ लाख. कर्ज ठरवताना बँक स्टॅम्प ड्युटी आणि रजिस्ट्रेशन घराच्या किमतीत धरत नाही. सगळी बेरीज होते ३६ लाख ३० हजार. यात दलाली नाही, पार्किंग नाही, सोसायटीचे आगाऊ पैसे नाहीत आणि किचनची ट्रॉलीसुद्धा नाही.

स्टॅम्प ड्युटी करारातल्या किमतीवर किंवा सरकारी रेडी रेकनरच्या किमतीवर, जी जास्त असेल तिच्यावर लागते. त्यामुळे करारात आकडा कमी दाखवून ती वाचेलच असं नाही. घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर १ टक्का सवलत आहे, इथे सरळ १ लाख वाचतात. नवरा-बायको दोघांच्या नावावर घेतलं तर मात्र ती मिळत नाही.

५० लाख किंवा त्याहून महाग घर असेल तर १ टक्का टीडीएस कापून सरकारकडे भरण्याची जबाबदारी घेणाऱ्याची असते. हा वेगळा खर्च नाही, किमतीतूनच जातो. पण विसरलात तर व्याज आणि दंड तुमच्याच नावावर.

आता हप्ता. ७५ लाख, २० वर्षं, व्याज ८.५ टक्के धरलं तर महिन्याला साधारण ६५ हजार. शेवटपर्यंत फेडलं तर बँकेला जातात सुमारे १ कोटी ५६ लाख. आणि ताबा मिळेपर्यंत सध्याच्या घराचं भाडंही चालूच राहतं. अंधेरी-घाटकोपरला भाड्याने राहणाऱ्यांना हा काळच सगळ्यात जड जातो.

मग तयार घर घ्यावं का? जीएसटीचे ५ लाख वाचतात हे खरं. पण तयार म्हणजे रंग मारून झालेलं नव्हे, महापालिकेचं भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे ओसी मिळालेलं. उपनगरातल्या अनेक जुन्या इमारतींकडे आजही ओसी नाही. तिथे कर्ज मिळताना अडचण येते आणि पाण्याचं बिलही जास्त दराने येतं. सगळ्यात वाईट उदाहरण वरळीच्या कॅम्पा कोला कंपाउंडचं. परवानगी ५ मजल्यांची, इमारती त्याहून उंच. लोक दोन दशकांहून जास्त काळ राहत होते, तरी वरचे मजले पाडण्याचा आदेश २०१३ साली सुप्रीम कोर्टाने कायम ठेवला.

चालू प्रकल्पात घेत असाल तर बिल्डर ‘आज बुकिंग केलं तरच हा रेट’ म्हणणारच. रेरा कायद्यानुसार करार रजिस्टर होण्याआधी त्याला किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही. १ कोटीच्या घराला १० लाख, बस. टोकनचा चेक देण्याआधी महारेराच्या वेबसाइटवर प्रकल्पाचा नंबर टाकून बघा. ताब्याची तारीख, ती आधी किती वेळा पुढे ढकलली, कोर्टात काही चालू आहे का आणि कार्पेट एरिया नेमका किती, हे सगळं तिथे फुकट दिसतं.