रक्तदान : सुईची भीती आणि लोहाचा हिशेब

उत्तर प्रदेशातील झाशी जिल्ह्यात, झाशी-माणिकपूर लोहमार्गावर मऊरानीपूर हे तहसिलीचे गाव आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस छत्रपूरकडील व्यापारी झाशीच्या मराठी अमलाखालील या गावी येऊन स्थायिक झाले आणि आल नावाच्या झाडाच्या मुळ्यांनी रंगविलेल्या 'खारुआ' या लाल कापडासाठी ते प्रसिद्धीस आले. कापडाचा व्यवसाय तेथे आजही टिकून आहे. बुंदेलखंडातील पर्जन्यमानाची अनिश्चितता, कोरडवाहू शेती आणि रोजगारासाठी होणारे स्थलांतर या गोष्टी मात्र या भागाच्या वाट्याला कायमच्याच आल्या आहेत. विदर्भ-मराठवाड्यातील वाचकांना हे चित्र अनोळखी वाटणार नाही.

अशा गावाचा रक्ताशी असणारा संबंध मुख्यत: अंतराचा आहे. मऊरानीपूरपासून झाशी सुमारे ६५ किलोमीटर. महाराणी लक्ष्मीबाई वैद्यकीय महाविद्यालय आणि मोठ्या शस्त्रक्रियांच्या सोयी तेथे आहेत. प्रसूतीनंतर तीव्र रक्तस्राव सुरू झालेल्या स्त्रीला उपचार न मिळाल्यास साधारणत: दोन तासांत मृत्यू ओढवू शकतो, असे प्रसूतिशास्त्रातील जुने अनुमान आहे. रुग्णवाहिका मिळणे, रस्ता, रक्तगटाची तपासणी आणि जुळणी या सर्वांना लागणारा वेळ विचारात घेतला तर दोन तास फारच थोडे आहेत. त्यातून मूळचेच हिमोग्लोबिन ७ ग्रॅम असलेल्या स्त्रीला इतरांना सहज सोसणारा रक्तस्रावही सोसत नाही. नमुना नोंदणी पाहणीनुसार २०१८-२० या कालावधीत दर एक लाख जिवंत जन्मांमागे माता मृत्यूचे प्रमाण देशात ९७, महाराष्ट्रात ३३ आणि उत्तर प्रदेशात १६७ होते. या तफावतीची कारणे अनेक आहेत. वेळेवर न मिळणारे रक्त हे त्यांतील एक.

धोरणाची वाटचाल

एकेकाळी आपल्या देशातील रक्तपुरवठा बऱ्याच अंशी पैसे घेऊन रक्त देणाऱ्या व्यावसायिक दात्यांवर अवलंबून होता. गरिबीमुळे वारंवार रक्त विकणारा मनुष्य स्वत: रक्तक्षयाने ग्रासलेला असे आणि रोगांची माहिती लपविण्याकडे त्याचा कल असे. 'कॉमन कॉज' या संस्थेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ४ जानेवारी १९९६ रोजी निर्णय दिला. त्यानुसार राष्ट्रीय रक्त संक्रमण परिषद स्थापन झाली आणि १ जानेवारी १९९८ पासून व्यावसायिक रक्तदानावर बंदी आली. २००१ च्या अखेरीस औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांत दुरुस्ती होऊन, वर्षाला २,००० पिशव्यांपर्यंत रक्त लागणाऱ्या ग्रामीण व प्रथम संदर्भ रुग्णालयांना स्वतंत्र परवान्याविना रक्त साठवणूक केंद्र चालविण्याची मुभा मिळाली. राष्ट्रीय रक्त धोरण २००२ मध्ये जाहीर झाले. २०२० च्या दुरुस्तीने 'रक्तपेढी' ऐवजी 'रक्त केंद्र' ही संज्ञा आली. परीक्षार्थींनी हा क्रम ध्यानात ठेवावा. परंतु तहसिलीच्या गावाच्या दृष्टीने यातील सर्वांत महत्त्वाची तरतूद २००१ ची आहे आणि नेमकी तीच सर्वांत कमी चर्चिली जाते. शीतकपाट आणि प्रशिक्षित तंत्रज्ञ यांच्या आधारे ६५ किलोमीटरचे अंतर पुसून टाकण्याची शक्यता तिने निर्माण केली.

तथापि साठवणूक केंद्रात साठवायचे रक्त कोठून येणार, हा प्रश्न उरतोच. लाल पेशी वापरलेल्या द्रावणानुसार ३५ ते ४२ दिवस आणि बिंबाणू अवघे ५ दिवस टिकतात. म्हणजे वर्षातून एकदा मोठे शिबिर भरवून वर्षाची बेगमी होत नाही. राष्ट्रीय सणांच्या आणि नेत्यांच्या वाढदिवसांच्या दिवशी रांगा लागतात, तर परीक्षांच्या आणि उन्हाळी सुट्यांच्या काळात रक्ताचा तुटवडा भासतो. मग रुग्णाच्या नातेवाइकांना 'बदली दाता' आणावा लागतो आणि बंदी असलेला व्यवहार मागील दाराने परत येण्याची भीती निर्माण होते.

मोरचुदाच्या द्रावणातील थेंब

रक्तदात्यासाठी आपल्याकडील प्रमुख निकष असे : वय १८ ते ६५ वर्षे (प्रथमच देणाऱ्यासाठी कमाल ६०), वजन किमान ४५ किलो, हिमोग्लोबिन दर १०० मिलिलिटरमागे किमान १२.५ ग्रॅम आणि दोन दानांमधील अंतर पुरुषांसाठी ९० व स्त्रियांसाठी १२० दिवस. ४५ ते ५५ किलो वजनाच्या दात्याकडून ३५० मिलिलिटर आणि त्याहून अधिक वजनाच्या दात्याकडून ४५० मिलिलिटर रक्त घेता येते. उपाशीपोटी रक्तदान करू दिले जात नाही.

शिबिरात हिमोग्लोबिन पाहण्याची जुनी आणि अतिशय स्वस्त पद्धत मोरचुदाची म्हणजे कॉपर सल्फेटची आहे. १.०५३ विशिष्ट गुरुत्वाच्या निळ्या द्रावणात बोटाच्या रक्ताचा एक थेंब सोडतात. तो पंधरा सेकंदांच्या आत बुडाला तर हिमोग्लोबिन १२.५ च्या वर आहे, असे मानले जाते. बुडाला नाही, तर दात्यास परत पाठविले जाते. या पद्धतीच्या साधेपणाचे कौतुक करावे तितके थोडे. मात्र ती केवळ 'होय' किंवा 'नाही' एवढेच सांगते. परत पाठविलेल्या स्त्रीचे हिमोग्लोबिन १२.३ आहे की ८, हे तिला कळत नाही. 'तुमचे रक्त कमी आहे' एवढे ऐकून ती घरी जाते.

अशा स्त्रियांची संख्या लहान नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रिया आणि २५ टक्के पुरुष रक्तक्षयी आढळले. चौथ्या फेरीत स्त्रियांमधील प्रमाण ५३.१ टक्के होते. पाचव्या फेरीत उत्तर प्रदेशात ते ५०.४ टक्के, तर तुलनेने संपन्न महाराष्ट्रात ५४.२ टक्के होते. दरडोई उत्पन्न वाढले की रक्तक्षय आपोआप घटतो, या समजुतीस ही आकडेवारी छेद देते. पाहणीत रक्त बोटातून घेतले जात असल्याने प्रमाण काहीसे फुगते, असा तज्ज्ञांचा आक्षेप आहे व तो दुर्लक्षिण्यासारखा नाही. परंतु आकडा बराच खाली आणला तरी प्रश्नाचे स्वरूप बदलत नाही.

येथे एक विसंगतीही नोंदविली पाहिजे. गरोदर नसलेल्या स्त्रीसाठी रक्तक्षयाची मर्यादा १२ ग्रॅम आणि पुरुषासाठी १३ ग्रॅम आहे. आपला रक्तदानाचा निकष मात्र दोघांसाठी १२.५ च आहे. म्हणजे १२.७ हिमोग्लोबिन असलेला पुरुष व्याख्येने रक्तक्षयी असूनही रक्त देऊ शकतो, तर १२.३ असलेली स्त्री व्याख्येने निरोगी असूनही देऊ शकत नाही. ब्रिटनमध्ये पुरुषांसाठी १३.५ आणि स्त्रियांसाठी १२.५ असे वेगळे निकष आहेत. अमेरिकेने पुरुषांची मर्यादा २०१६ पासून १३ केली. आपणही पुरुषांच्या मर्यादेचा फेरविचार करण्यास हरकत नसावी.

साठा आणि प्रवाह

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला साठा आणि प्रवाह यांतील भेद प्रारंभीच शिकविला जातो. शरीरातील लोहास तो तंतोतंत लागू पडतो. हिमोग्लोबिन १३ ग्रॅम धरल्यास ३५० मिलिलिटर रक्तात सुमारे ४५.५ ग्रॅम हिमोग्लोबिन असते. प्रत्येक ग्रॅममध्ये सुमारे ३.४ मिलिग्रॅम लोह असते. म्हणजे एका पिशवीबरोबर शरीरातून साधारण १५५ मिलिग्रॅम लोह जाते. निरोगी पुरुषाच्या शरीरात राखीव लोह सुमारे १,००० मिलिग्रॅम, तर स्त्रीच्या शरीरात जेमतेम ३०० मिलिग्रॅम असते. पुरुषाने दिलेली पिशवी ही त्याच्या ठेवीचा सहावा-सातवा हिस्सा असेल, तर स्त्रीने दिलेली निम्मा.

आता प्रवाहाकडे पाहू. रोजच्या आहारातून शरीरात शोषले जाणारे लोह सामान्यत: १ ते २ मिलिग्रॅमच असते आणि सुमारे १ मिलिग्रॅम रोज खर्ची पडते. मासिक पाळीत स्त्रीचे आणखी १५ ते ३० मिलिग्रॅम लोह जाते. एका गर्भारपणाची एकूण गरज १,००० मिलिग्रॅमच्या आसपास आहे. रोजची निव्वळ शिल्लक १ मिलिग्रॅम राहिली, तरी एका पिशवीची भरपाई होण्यास १५५ दिवस लागतात. नियमातील अंतर १२० दिवसांचे आहे. साठा घटला की शरीर शोषण वाढविते, त्यामुळे हा हिशेब थोडा सुसह्य होतो. पण पोळी-भाजीवरच भिस्त असलेल्या आहारात धान्यातील फायटेट आणि जेवणाबरोबरचा चहा या वाढीस लगाम घालतात. जेवणात लिंबू, आवळा वा पेरू असल्यास शोषण सुधारते, तर चहा तासाभराने घेतल्यास त्याचा अडथळा घटतो. बाळंतिणीस अळिवाची खीर देण्याची आपल्याकडील प्रथा या दृष्टीने शहाणपणाची आहे.

रक्तदानानंतर द्रवभाग एक-दोन दिवसांत आणि लाल पेशी चार ते आठ आठवड्यांत भरून येतात. लोह मात्र सर्वांत मागे राहते आणि दात्यास त्याची जाणीवही होत नाही. अमेरिकेतील २१५ दात्यांवरील एका अभ्यासात (२०१५) लोहाची गोळी न घेणाऱ्यांपैकी सुमारे दोनतृतीयांश जणांचा लोहसाठा १६८ दिवसांनंतरही पूर्ववत झाला नव्हता. रोज अवघे ३७.५ मिलिग्रॅम लोह घेणाऱ्यांचे हिमोग्लोबिन मात्र कितीतरी लवकर भरून आले. ब्रिटनमधील सुमारे ४५,००० दात्यांवरील चाचणीतही (२०१७) दानांमधील अंतर कमी केल्यास रक्त अधिक जमते, परंतु कमी हिमोग्लोबिनमुळे परत पाठवाव्या लागणाऱ्यांचे प्रमाण वाढते, असे दिसले. अर्थशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर हे व्याजावर न जगता मुद्दल खाणे होय.

भीतीचे शरीरशास्त्र

लोहाचा अडसर पार केलेले अनेकजण सुईपाशी थांबतात. या भीतीची थट्टा केली जाते, ती योग्य नव्हे. अन्य बहुतेक भीतींमध्ये नाडी व रक्तदाब चढतात आणि मनुष्य मूर्च्छित होत नाही. रक्त आणि सुईच्या भीतीत ते आधी चढतात आणि मग एकाएकी उतरतात. मेंदूचा रक्तपुरवठा क्षणभर घटून भोवळ येते. ही मनाची दुर्बलता नसून मज्जासंस्थेची प्रतिक्रिया आहे. तरुण, प्रथमच रक्त देणारे आणि कमी वजनाचे दाते यांच्यात ती अधिक आढळते, म्हणजे महाविद्यालयीन शिबिरांत नेमका जो वर्ग येतो त्यांच्यात.

तिच्यावरील उपाय बिनखर्चाचा आहे. स्वीडनमधील मानसशास्त्रज्ञ लार्स-गोरान ऊस्ट यांनी १९८० च्या दशकात स्नायू ताणण्याची पद्धत विकसित केली. हात, पाय व धड यांचे स्नायू दहा-पंधरा सेकंद, चेहऱ्यावर ऊब जाणवेपर्यंत, आवळून धरावयाचे, मग अर्धा मिनिट सैल सोडावयाचे आणि असे चार-पाच वेळा करावयाचे. त्यामुळे रक्तदाब टिकून राहतो. ज्या हातातून रक्त घेतले जात आहे तो हात अर्थातच सैल ठेवावा. रक्तदानापूर्वी अर्धा लिटर पाणी प्यायल्यानेही भोवळीचे प्रमाण घटते. शिबिराच्या फलकावर घोषणेऐवजी या दोन सूचना लिहिल्या तर अधिक उपयोग होईल, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. पहिल्याच वेळी भोवळ आलेला तरुण सहसा पुन्हा येत नाही, आणि नियमित दात्यांच्या दृष्टीने हे नुकसान एका पिशवीहून बरेच मोठे असते.

पैसा, सन्मान आणि गोळी

रिचर्ड टिटमस यांनी १९७० साली ब्रिटनमधील ऐच्छिक आणि अमेरिकेतील अंशत: सशुल्क पद्धतीची तुलना करून, पैसा आला की दानवृत्ती मागे हटते आणि रक्ताचा दर्जाही घसरतो, असे प्रतिपादन केले. केनेथ ॲरो यांनी त्यावर शंका उपस्थित केली होती : विक्रीची मुभा दिल्याने दान करण्याचे स्वातंत्र्य कमी कसे होते? गोथेनबर्ग येथील विद्यार्थ्यांवरील प्रयोगात (२००८) ५० क्रोनर देऊ केल्यावर दाता होण्यास तयार असणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण सुमारे ५२ टक्क्यांवरून ३० टक्क्यांवर आले. ती रक्कम धर्मादाय कार्यास देण्याची मुभा मिळताच ते पूर्ववत झाले. पुरुषांवर तसा परिणाम दिसला नाही. याउलट प्रत्यक्ष शिबिरांतील १९ प्रकारच्या भेटवस्तूंचा व सवलतींचा आढावा घेणाऱ्या २०१३ च्या लेखात १८ प्रकारांत रक्तदान वाढल्याचे नमूद आहे. आपल्याकडे रोख मोबदल्यास बंदी आहे आणि १९९८ पूर्वीचा अनुभव पाहता ती योग्यच आहे.

परंतु दात्यास रोख रकमेऐवजी त्याचे हिमोग्लोबिन आकड्यात सांगणे आणि लोहाच्या गोळ्या देणे, यास मोबदला म्हणता येणार नाही. ॲनिमियामुक्त भारत ही मोहीम २०१८ पासून राबविली जात आहे. तीत २० ते ४९ वयोगटातील गरोदर वा स्तनदा नसलेल्या स्त्रियांसाठी आठवड्यातून एकदा ६० मिलिग्रॅम लोह व ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिडची गोळी आणि गरोदरपणी १८० दिवस रोज एक गोळी अशी तरतूद आहे. ही मोहीम एका विभागाची आणि रक्त संक्रमण परिषद दुसऱ्या विभागाची, अशा वाटणीमुळे शिबिरातून परत पाठविलेली स्त्री दोहोंच्या नोंदीतून निसटते. गर्भारपणी, स्तनपानाच्या काळात आणि बाळंतपणानंतर बारा महिने तिला रक्त देता येत नाही हे वैद्यकीयदृष्ट्या योग्यच आहे. पण विशी-तिशीतील स्त्री आधीच बरीच वर्षे दात्यांच्या यादीबाहेर असते, हेही त्यामुळे स्पष्ट होते.

मऊरानीपूरसारख्या गावी महाविद्यालयात शिबिर भरले आणि दहा मुलींचे थेंब निळ्या द्रावणात तरंगत राहिले, तर त्या दहाही जणींची हिमोग्लोबिनमापकावर तपासणी व्हावी, आकडा नोंदविला जावा, आशा कार्यकर्तीकडे नाव जावे आणि तीन महिन्यांनी फेरतपासणी व्हावी. याला नवा कायदा लागत नाही, नवी योजनाही लागत नाही. शिबिराच्या टेबलाशेजारी गोळ्यांचे आणखी एक टेबल आणि एक नोंदवही पुरेशी आहे. त्या दहांपैकी चार-पाच जणींचे हिमोग्लोबिन वर्षभरात १२.५ च्या वर गेले, तर गावाला तितक्या दात्या मिळतील आणि उरलेल्यांपैकी कोणी पुढे प्रसूतीसाठी दाखल झाली, तरी तिला त्या ६५ किलोमीटरवरून येणाऱ्या पिशवीची गरज भासण्याची शक्यता कमी झालेली असेल.